तुरट, आंबट, गोड : युरोपची वाईन जिभेनं ओळखताना

घरात चहाची पूड असेलच. दोन कप पाणी उकळा, नेहमीच्या दुप्पट पूड घाला आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. साखर नको. एक कप कोरा ठेवा, दुसऱ्यात थोडं दूध घाला. आधी कोऱ्या चहाचा घोट घ्या, लगेच गिळू नका, तोंडात फिरवा. गालांच्या आतून आणि हिरड्यांवर आखडल्यासारखं होईल, जीभ खरखरीत लागेल. कच्चं जांभूळ चावल्यावर होतं ना, तसं. मग दुधाच्या चहाचा घोट घ्या. पूड तीच, पाणी तेच, पण ते आखडणं बरंचसं गेलेलं असेल.

लाल वाईनबरोबर चीज का खातात, मटण का खातात, याचं निम्मं उत्तर या दोन कपांत आहे. चहात जे तुरट असतं त्याला टॅनिन म्हणतात आणि द्राक्षाच्या सालीत, बीत, देठात त्याच कुळातली द्रव्यं असतात. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड ओलं आणि बुळबुळीत राहतं. टॅनिन त्या प्रथिनांना चिकटतं, बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं वाटायला लागतं. दूध घातलं की टॅनिनला चिकटायला दुधातली प्रथिनं मिळतात, मग लाळेच्या वाटेला ते कमी येतं. चीजचा तुकडा किंवा मटणाचा घास तेच काम करतो.

वाईनबद्दल लिहिलेलं वाचून बरेच जण बिचकतात. ग्लासात चेरी, तंबाखू, ओलं रान, चामडं असं काय काय सापडल्याची वर्णनं असतात आणि आपल्याला तर नुसती वाईन लागते. मला यात वाचणाऱ्याचा दोष अजिबात वाटत नाही. सुरुवातच उलट्या टोकाकडून केली जाते. वास नंतर. आधी जीभ. आणि जिभेच्या बाबतीत आपली तयारी उत्तम आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा रस आपण शाळेत असताना पाठ केले आहेत. ‘तुरट’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, सुपारीपासून आवळ्यापर्यंत आपण तो वापरतो. लाल वाईन चाखायला सर्वांत आधी लागतो तो हाच शब्द.

पांढऱ्या वाईनमध्ये तुरटपणा जवळपास नसतो, कारण द्राक्षं दाबून रस काढला की साली लगेच बाजूला करतात. लाल वाईनचा रस मात्र सालींसकट आंबवतात. रंगही सालीतूनच येतो, म्हणून काळ्या द्राक्षांचा रस झटपट वेगळा केला तर त्याची पांढरी वाईन होते. फ्रान्समधली शॅम्पेन पुष्कळदा अशीच काळ्या द्राक्षांपासून बनते.

आंबट

द्राक्षातलं मुख्य आम्ल म्हणजे टार्टारिक आम्ल. हेच आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असतं. जुन्या बाटलीच्या बुचाला किंवा तळाला कधी कधी साखरेसारखे खडे दिसतात, ते याच आम्लाचे क्षार. त्यात बिघडलेलं काही नसतं. आंबटपणा ओळखायची खूण सोपी आहे. घोट गिळल्यावर तोंड थोडं उघडं ठेवून मान खाली घाला. जिभेच्या कडांना किती पाणी सुटतं ते बघा. तुरटानं तोंड कोरडं पडतं, आंबटानं तोंडाला पाणी सुटतं. एवढा फरक हाताशी असला की अर्ध्याहून अधिक गोंधळ मिटतो.

कोणती वाईन किती आंबट हे पुष्कळसं हवेवर ठरतं. द्राक्ष पिकताना साखर चढते, आम्ल उतरतं आणि ऊन कडक असेल तर आम्ल भराभर उतरतं. म्हणून थंड भागातल्या वाईन आंबट, तरतरीत लागतात आणि दक्षिणेकडच्या उन्हातल्या गोलसर, भारदस्त. फ्रान्समधल्या बरगंडी प्रांताच्या उत्तर टोकाला शाब्ली नावाचं छोटं गाव आहे. तिथं वसंतातसुद्धा हिम पडून कोवळे कोंब जळायची भीती असते. एप्रिलच्या रात्री शेतकरी वेलींच्या ओळींमधून मोठाल्या मेणबत्त्या पेटवतात. काही जण कोंबांवर पाणी फवारतात, म्हणजे त्याचं बर्फाचं कवच होऊन आतला कोंब वाचतो. अशा गारठ्यात पिकलेल्या शार्दने द्राक्षाची वाईन लिंबासारखी सरळ आणि धारदार लागते. शाब्लीच्या उत्तम मळ्यांतली जमीन चुनखडीची आहे आणि तिच्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या इवल्या शिंपल्यांचे अवशेष सापडतात. ही वाईन कालवांबरोबर पितात. जमिनीतले शिंपले वाईनमध्ये उतरतात असं नाही, तरी या जोडीत एक गंमत आहे खरी. खारट, गार कालवावर लिंबू पिळतात त्या जागी इथं वाईनचा घोट येतो.

आंबटातही प्रकार आहेत. कच्च्या द्राक्षात हिरव्या सफरचंदातलं मॅलिक आम्लही असतं, टोचणारं. वाईन बनवणाऱ्यानं मनात आणलं तर तो जिवाणूंकरवी त्याचं लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊ देतो. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्या-ताकातलं. मग तीच वाईन मऊ लागते आणि कधी कधी तिला चक्क लोण्याचा वास येतो. बरगंडीच्या दक्षिणेकडे मरसो गावची पांढरी वाईन पिताना हा फरक फार छान कळतो. द्राक्ष शार्दनेच, पण शाब्ली लिंबाकडची आणि मरसो लोण्याकडची. दोन्ही शेजारी ठेवून प्यायची संधी मिळाली तर सोडू नका.

गोड की फळाचा वास?

युरोपातल्या बहुतेक वाईन गोड नसतात. यीस्ट द्राक्षातली साखर खातं, तिचं अल्कोहोल करतं आणि शेवटी साखर उरत नाही. अशा वाईनला कोरडी म्हणतात. तरीही पहिल्यांदा पिणारे म्हणतात, ‘ही गोड आहे.’ वास पिकल्या फळाचा असतो आणि मेंदू फळाच्या वासाला गोडी जोडून टाकतो. नाक चिमटीत धरा आणि मग घोट घ्या. गोडी खरी असेल तर नाक बंद असतानाही जिभेवर राहील, वासाची असेल तर नाहीशी होईल.

खरी गोडी असलेल्या वाईनमध्ये मला सर्वांत जवळची वाटते ती जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची, रीझलिंग द्राक्षाची पांढरी वाईन. तिथले मळे एवढे उभे आहेत की काही ठिकाणी उतार 60 अंशांच्याही पुढे जातो. यंत्र चालत नाही, सगळं हातानं करावं लागतं. पाटीच्या दगडासारख्या काळ्या खडकाचे तुकडे जमिनीवर पसरलेले असतात, ते दिवसभर ऊन पितात आणि रात्री वेलींना ऊब देतात. बाटलीवर ‘काबिनेट’ लिहिलेलं असेल तर अल्कोहोल बहुधा 8 ते 9 टक्के, अंगात थोडी साखर आणि तिच्या तोडीस तोड आंबटपणा. कैरीच्या पन्ह्यात नुसता गूळ घातला तर ते चिकट लागेल, नुसती कैरी असेल तर दात आंबतील. मोझेलची रीझलिंग म्हणजे असंच जमलेलं पन्हं. ‘ट्रोकन’ हा शब्द दिसला तर मात्र ती वाईन कोरडी समजायची.

आणखी एक गोष्ट जीभ सांगते, वाईनला अंग किती आहे. ताक आणि म्हशीचं दूध यांचे घोट तोंडात जसे हलके-जड वाटतात तसंच हे. अल्कोहोल जास्त असेल तर वाईन जड वाटते आणि गिळल्यावर घशात ऊब येते. बस्स, जिभेचं काम एवढंच. आंबट किती, तुरट किती, गोड आहे का, अंग केवढं, ऊब किती. या पाच प्रश्नांची उत्तरं देता आली की समोरच्या वाईनशी तुमची ओळख झाली. जेवणाची जोडी लावायला याहून जास्त क्वचितच लागतं.

आता नाक

वासाची गंमत मात्र सोडून द्यायची नाही. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशाच्या मागून नाकात शिरलेला वासच असतो. सर्दी झाली की आमटी सपक लागते ती याच कारणानं. म्हणून चाखणारे तोंडात घोट असताना ओठांतून थोडी हवा आत ओढतात. आवाज होतो, पण वास वर चढतो. ग्लास तिसरा हिस्साच भरायचा, गोल फिरवायचा, मग नाक आत घालून वास घ्यायचा, तेही याचसाठी.

वाईनच्या वर्णनातले काही वास कल्पनेतले नसतात, तेच रसायन खरोखर बाटलीत असतं. फ्रान्सच्या ऱ्होन नदीच्या उत्तर भागात, कोत-रोती आणि एर्मिताज या टेकड्यांवर सिरा नावाचं द्राक्ष होतं. त्या वाईनला काळ्या मिरीचा वास येतो, कारण मिरीत जे रोटंडोन नावाचं द्रव्य असतं तेच तिच्यात सूक्ष्म प्रमाणात असतं. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे शोधलं आणि साधारण पाचातल्या एकाला हा वास मुळीच येत नाही असंही त्यांना दिसलं. शेजारी बसलेल्याला मिरी आली आणि तुम्हाला नाही, तर तुमचं काही चुकलेलं नसतं. फ्रान्समधल्याच अल्झास भागातल्या गेवुर्झट्रामिनर वाईनला लिचीचा वास येतो, तिथंही लिचीतलंच एक द्रव्य असतं. काबेर्ने सोव्हिन्यों हे काळं द्राक्ष नीट पिकलं नसेल तर सिमला मिरची चिरल्यासारखा वास येतो. व्हॅनिलाचा वास मात्र द्राक्षाचा नसतो, तो ओकच्या पिंपाचा.

नाकावर डोळ्यांचा फार दाब असतो. 2001 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाईनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाईन दिली, पण ती वास-चव नसलेल्या लाल रंगानं रंगवलेली होती. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. हे विद्यार्थी काही मूर्ख नव्हते. माणसाचा मेंदू असाच चालतो. म्हणून मी घरी मित्रमंडळींबरोबर चाखायला बसते तेव्हा बाटल्या कागदात गुंडाळून ठेवते. किंमत आणि नाव दिसलं नाही की लोक मोकळेपणानं बोलतात.

एक व्यवहाराची गोष्ट. लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा आहे. ती खोली 16 ते 18 अंशांची असायची. मुंबईत मे महिन्यात 32 अंशांची लाल वाईन प्यायली तर नुसता अल्कोहोलचा भपका येतो. प्यायच्या आधी बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, संकोच करू नका. पांढरी 8 ते 12 अंशांवर चांगली लागते. त्याहून गार केली तर वास झोपतो. बाटली उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा कुबट वास आला आणि फळाचा मागमूसच नसेल तर बुचातून आलेला दोष समजा. असली बाटली परत करणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, हॉटेलात थोडी वाईन आधी ओतून दाखवतात ती त्याचसाठी.

आणि थुंकणं. दिवसभर चाखणारी व्यावसायिक मंडळी प्रत्येक घोट भांड्यात थुंकतात. वाईनमध्ये बहुधा 12 ते 14 टक्के अल्कोहोल असतं, पाचव्या ग्लासानंतर कुणाचीही जीभ कामाची राहत नाही. घरी सहा बाटल्या उघडल्या तर टेबलावर थुंकायचं भांडं ठेवणं हे शहाणपणाचं.

गावाचं नाव, द्राक्षाचं नाही

नाशिकच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव असतं, शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ. या दोघींचं माहेर फ्रान्समधलं, पण लोआर नदीकाठी, जिथं त्यांनी नाव कमावलं, तिथल्या बाटलीवर हे शब्द सापडणं कठीण. तिथं ‘वुव्रे’ लिहितात, ‘सांसेर’ लिहितात. ही गावं आहेत. वुव्रे म्हटलं की शेनिन, सांसेरची पांढरी म्हटली की सोव्हिन्यों, हे वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. कोणत्या गावात कोणतं द्राक्ष लावायचं, हेक्टरी किती पीक घ्यायचं, याचे कायदे आहेत. आपल्याकडे देवगडचा हापूस म्हटलं की ‘आंबा’ शब्द वेगळा उच्चारावा लागत नाही, त्यातलाच प्रकार.

बोर्दोमध्ये हे शातोच्या, म्हणजे मळ्यासकट वाड्याच्या नावानं चालतं. 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या मळ्यांची पाच श्रेणींत यादी केली गेली, बाजारात मिळणाऱ्या भावावरून. ती यादी आजही जवळजवळ तशीच आहे. मुतों-रॉथशिल्डला 1973 मध्ये दुसरीतून पहिलीत घेतलं, हा तिच्यातला सर्वांत गाजलेला बदल. बरगंडीत मात्र मान जमिनीच्या तुकड्याला. क्लो द वुजो हा भिंतीनं वेढलेला सुमारे 50 हेक्टरांचा मळा मध्ययुगात सिस्टर्शियन मठवाशांनी उभा केला, आज त्यात 80 च्या आसपास मालक आहेत. नाव एकच, बाटल्या वेगवेगळ्या हातांच्या. त्यामुळे बरगंडी घेताना मळ्याइतकंच बनवणाऱ्याचं नाव बघावं लागतं.

ताटातली जोडी

वायव्य इटलीत, पीडमाँटमध्ये, मी एकदा नोव्हेंबरात गेले होते. दरीत धुकं असं भरलेलं की टेकड्यांचे माथे बेटांसारखे दिसत होते. धुक्याला तिकडे ‘नेब्बिया’ म्हणतात आणि तिथल्या द्राक्षाचं नाव नेब्बिओलो. ला मोरा गावातल्या एका लहानशा खाणावळीत बारोलो या नेब्बिओलोच्या लाल वाईनचा ग्लास आला. रंग इतका फिका, विटकरी, की मला वाटलं हलकी वाईन असणार. वास फार सुंदर होता. सुकलेल्या गुलाबपाकळ्या आणि मागे नवीन रस्त्याच्या डांबराची छटा. पहिला घोट घेतला आणि तोंड जागच्या जागी बंद झालं. ओठ दातांना चिकटले. सुरुवातीला सांगितलेला कोरा चहा आठवा, त्याच्या कितीतरी पट. ग्लास बाजूला सरकवून मी पाणी मागितलं.

वाढणाऱ्या बाईंनी पाणी दिलं आणि खुणेनंच थांबायला सांगितलं. मग ताजारिनची बशी आली. ताजारिन म्हणजे सुतासारख्या बारीक शेवया. किलोभर पिठात 30-30 अंड्यांचा पिवळा बलक घालून केलेल्या, म्हणून हळदीसारख्या पिवळ्या. वर फक्त लोणी आणि किसलेलं चीज. दोन घास खाल्ले आणि परत घोट घेतला. तुरटपणा होता, पण आता त्याला जागा मिळाली होती. लोणी-बलकाचा तवंग त्यानं जिभेवरून स्वच्छ पुसून काढला आणि त्याच्या खालून आंबट चेरीसारखं फळ वर आलं. पुढचा घास परत पहिल्या घासासारखा ताजा लागला. त्या बशीला वाईन लागत होती आणि वाईनला बशी. बारोलो किमान 38 महिने मुरवल्याशिवाय विकायला परवानगी नाही, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. एवढं होऊनही ती तुरट राहते, कारण नुसती पिण्यासाठी ती केलेलीच नाही. गावकरी ती बारोलोतच तासन् तास शिजवलेल्या मांसाबरोबर घेतात.

जोडी लावायची ती अशी, वाईनमधला कुठला गुण घासाबरोबर काय करतो ते बघून. ‘लाल मांसाला लाल, माशाला पांढरी’ हा नियमही त्यातूनच आला. बोर्दोच्या मेदोक भागातली काबेर्नेची वाईन आणि तिथल्याच पोइयाक गावचं कोवळं मेंढीचं मांस, इथं प्रथिनं आणि चरबी तुरटपणाला सामावून घेतात. मासा आणि लाल वाईन एकत्र आली की कधी कधी उग्र हिवसर वास का येतो, हे 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. कारण वाईनमधलं लोह. लोह जास्त असेल तर हिवस वाढतो. प्रत्येक लाल वाईनमध्ये ते सारखं नसतं, म्हणून रावस किंवा ट्यूना भाजून बरगंडीच्या हलक्या पिनो न्वारबरोबर खाल्ला तर बिघडत नाही, उलट बहार येते.

आंबट पदार्थाला वाईन त्याच्याइतकी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. टोमॅटोच्या सॉसबरोबर इटलीच्या तोस्काना भागातली किआंती ही लाल वाईन इतकी जमते ती यामुळेच, सांजोव्हेसे द्राक्षात आंबटपणा भरपूर असतो. तळलेल्याला आंबट किंवा बुडबुड्यांची वाईन चांगली, तेलकटपणा काटते.

खारटाबरोबर गोड, ही युरोपातली मला सर्वांत आवडती जोडी. बोर्दोच्या दक्षिणेला सोतेर्न भागात सिरों नावाची थंड पाण्याची छोटी नदी कोमट गारोन नदीला मिळते आणि शरद ऋतूत सकाळी धुकं उठतं. त्या दमट हवेत द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी येते. नाशिककडचा बागायतदार बुरशी दिसली की फवारणीचा पंप उचलेल. सोतेर्नचा शेतकरी तिची वाट बघत बसतो. सकाळी बुरशी, दुपारी ऊन, असं चक्र जमलं तर बुरशी सालीला छिद्रं पाडते, पाणी उडून जातं आणि सुरकुतलेल्या मण्यात साखर, आम्ल आणि वास दाटून राहतात. सगळे मणी एकदम तयार होत नाहीत. मजूर त्याच मळ्यात पुन्हा पुन्हा फिरून तयार झालेले तेवढे वेचतात. रस इतका कमी निघतो की तिथल्या शातो दिकेम या मळ्याबद्दल एका वेलीमागे एक ग्लास असं सांगतात. मध, जर्दाळू, संत्र्याची साल, थोडं केशर अशा वासाची ही सोनेरी वाईन रोकफोर या मेंढीच्या दुधाच्या, निळ्या बुरशीच्या, खारट चीजबरोबर घेतात. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ज्यानं ठेवली त्याला ही जोडी समजावून सांगावी लागणार नाही.

पोर्टचं आणि स्टिल्टन या निळ्या बुरशीच्या इंग्लिश चीजचं नातंही असंच. गोव्यात ‘पोर्ट वाईन’ म्हणून जी स्वस्त गोड लाल वाईन विकतात, तिच्यावरून खऱ्या पोर्टची कल्पना करू नका. पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या दोरो नदीच्या खोऱ्यातली. 1756 मध्ये तिथल्या राजाच्या मंत्र्यानं, पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखल्या गेलेल्यानं, त्या भागाची हद्द आखून दिली. आंबवण अर्ध्यावर असताना त्यात द्राक्षाचं कडक मद्य ओततात, यीस्ट मरतं, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल 19-20 टक्क्यांवर जातं. लहान ग्लासात, जेवणानंतर, हळूहळू.

स्पेनच्या हेरेथमधली फिनो शेरी मात्र अजून आपल्याकडे फारशी कुणी ओळखत नाही, याचं मला वाईट वाटतं. पिंप मुद्दाम पूर्ण भरत नाहीत. वाईनच्या पृष्ठभागावर यीस्टची पांढरी साय धरते, तिला ‘फ्लोर’ म्हणजे फूल म्हणतात. ती हवेपासून वाईनला जपते आणि तिच्यातलं गोडसर सगळं खाऊन टाकते. उरते ती खडखडीत कोरडी, किंचित खारट, कणकेचा आणि कच्च्या बदामाचा वास येणारी वाईन. तिकडे अंदालुसिया प्रांतात ती बर्फगार करून हिरवी ऑलिव्ह, खारे बदाम आणि तळलेल्या छोट्या माशांबरोबर घेतात. रवा लावून तळलेल्या बोंबलाबरोबर मी ती घेतली आहे आणि मला याहून चांगली जोडी अजून सापडलेली नाही. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावी.

तिखट हा आपला खरा अडसर. मिरचीची आग आणि अल्कोहोलची ऊब तोंडाला एकाच वाटेनं जाणवते. 14.5 टक्क्यांची तुरट लाल वाईन घेऊन तांबड्या रश्श्यासमोर बसलात तर दोघांचाही विचका होतो. तिखटाला कमी अल्कोहोलची, थोड्या गोडीची वाईन लागते, म्हणजे पुन्हा मोझेलची ती काबिनेट.

गोड पदार्थांचा नियम मी एका दिवाळीत शिकले. फ्रँकफर्टला बहिणीकडे होतो, मावशी पुण्याहून बेसनाचे लाडू घेऊन आली होती. पाडव्याला बहिणीनं चांगली शॅम्पेन उघडली. बाटलीवर ‘ब्रूत’ होतं, म्हणजे लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, जवळजवळ कोरडीच. मावशीनं आधी लाडू खाल्ला, मग घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. ‘अगं, ही आंबलीये की काय?’

वाईन उत्तम होती. पण लाडवाची साखर जिभेवर असताना तिच्यातली होती नव्हती ती गोडी पुसली गेली आणि उरला नुसता आंबटपणा. मी मावशीला पाणी दिलं, खारे काजू दिले आणि पाच मिनिटांनी पुन्हा त्याच ग्लासातून घोट घ्यायला सांगितलं. ‘आता बरी लागतेय,’ ती म्हणाली, पण लाडवाचं ताट तिनं जवळच ठेवलं होतं.

भाऊबीजेला मी मोस्कातो दास्ती आणली. तीही पीडमाँटचीच, बारोलोच्या शेजारची. अल्कोहोल जेमतेम 5 टक्के, बारीक बुडबुडे, वास मोगऱ्याचा आणि पिकल्या द्राक्षाचा, आणि गोडी लाडवाच्या वरचढ. मावशीनं लाडवाचा तुकडा तोंडात टाकला, घोट घेतला, बेसनाचा खमंग वास नाकात चढला असावा, कारण ती एकदम थांबली. मग बहिणीला म्हणाली, ‘काल ही का नाही काढलीस?’ आणि दुसरा लाडू फोडला.